जे दिसेल ते टाईप करायचं

कोर्टाचे कागद स्कॅन करायला बसलं की किस्से आपोआप जमतात. कागदांना निदान पंच मारून फायलीत घालता येतं. किस्से घरी न्यावे लागतात आणि बायकोला दोनदा सांगावे लागतात.

खांडबाऱ्यात माझा कॉम्प्युटर क्लास आहे. दर रविवारी सकाळी तिथे आम्ही तिघं बसतो: मी, शाळेतल्या सुनंदाताई आणि कोर्टातून रिटायर झालेले नाना. विसरवाडीकडे एका कारखान्याने नाल्यात घाण पाणी सोडलं, त्याची केस कधीची चालू आहे. आम्ही तिच्या कागदांच्या रीतसर रंगीत नकला आणतो, टाईप करतो आणि वेबसाइटवर टाकतो. कुणीही शब्द टाकावा, पान समोर यावं. कंपनीचं नाव इथे घेत नाही, साइटवर सर्च करा!

* * *

नानांचा नियम एकच. "जे दखास ते टाईप करानं. डोकं नही चालाडानं."

सुनंदाताई पडल्या शिस्तीच्या. त्यांनी शिक्के, खाडाखोड, टाचणीचा गंज, सगळं टाईप केलं. साइट सुरू झाली त्या दिवशी मी सर्चमध्ये 'प्रदूषण' टाकलं. सात पानं आली. मग गंमत म्हणून 'चहाचा डाग' टाकलं. एकवीस आली.

नाना म्हणाले, "कोर्टमा आसंच ऱ्हास."

* * *

कोर्टात नकलेच्या खिडकीवर नानांचाच जुना ज्युनियर बसतो. एकदा त्याने नानांचा अर्ज परत केला, का तर समास सोडला नव्हता. नाना रेल्वेने गेले तसे रिकाम्या हाताने परत आले. मला वाटलं, आता शिव्या ऐकाव्या लागणार. तर नाना खुशीत!

"तयार व्हयना तो. मीच शिकाडेल शे त्याले."

त्यांच्या शिकवणीपायी आमचा एक रविवार बुडाला.

* * *

मग पांढऱ्या बुटांचे एक गृहस्थ आले. "मलाही समाजसेवा करायची आहे," म्हणाले. कंपनीची जीप त्यांना कोपऱ्यावर सोडून गेली, हे आमच्या चहावाल्यानेसुद्धा पाहिलं होतं. मी नानांना बाजूला घेऊन विचारलं, हाकलायचं का?

नाना म्हणाले, "टायपिंग स्पीड कितली शे, ते इचार."

स्पीड आम्हा तिघांच्या बेरजेइतका होता. नानांनी त्यांच्यापुढे कंपनीनेच कोर्टात दिलेलं जाडजूड उत्तर ठेवलं, सगळ्या जोडपत्रांसकट, आणि नियमही सांगितला. तीन रविवार गृहस्थ मान खाली घालून टाईप करत होते. मध्येच घाम पुसून म्हणाले, "हे सगळं कुणी वाचलंय का हो?"

"तूच पहिला शे, भाऊ," नाना म्हणाले.

चौथ्या रविवारी ते आले नाहीत. मला खरंच चुकल्याचुकल्यासारखं झालं.

* * *

रमिलाबाई नवापूरच्या डोंगरातून प्रवासी जीपने आल्या, तेव्हा त्यांची तारीख पाच दिवसांवर होती. त्यांच्या विहिरीच्या पाण्याला वास येतो. कंपनी म्हणते, या बाईंची तक्रार आम्हाला मिळालीच नाही. मिळाल्याचा पुरावा दिला नाही, तर रमिलाबाईंचं नाव केसमधून जाणार होतं. चिठ्ठी त्यांनी स्वतः गेटवर दिली होती. पोच मागायची असते, हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं. याचा मला फार राग आला.

त्यांचं नाव सर्च केलं. काहीच आलं नाही.

नानांनी विचारलं, "सही कशी केली होती, बाई?"

"अंगठा दिला. घरात शाई नव्हती, तव्याची काजळी लावली."

सुनंदाताईंनी 'काजळी' टाकलं. एकच पान आलं. कंपनीच्याच उत्तराच्या जोडपत्रांत घुसलेलं होतं, म्हणजे पांढऱ्या बुटांच्या गृहस्थांनी टाईप केलेलं, आणि नाव फायलीच्या शिवणीत गेलं होतं. कोपऱ्यातला शिक्का तर इतका पुसट, की आम्ही तिघांनी 'निळा डाग' असंच टाईप केलं असतं.

"काय लिहिलंय?" रमिलाबाई म्हणाल्या.

सुनंदाताईंनी शेवटच्या ओळी वाचल्या. "तळाला अंगठा, काळा, काजळीचा. बाजूला आमच्या ऑफिसचा आवक शिक्का. मिळाले."

नानांनी चष्मा पुसला आणि कोर्टात दाखल करायला रमिलाबाईंच्या नावाने त्या पानाच्या नकलेचा अर्ज लिहायला घेतला. या वेळी समास सोडून.