प्रणालीच्या नावाने मारलेली हाक

मैत्रिणींनो, सकाळपासून काही सुचत नाही, म्हणून इथे लिहिते.

आमच्या जंगलात वाघ आहे. मोहफुलं वेचताना बायका थोड्या थोड्या वेळाने एकमेकींना हाक मारतात. जिला हाक मारली तिने लगेच ओ द्यायची. ओ आली नाही, तर टोपली टाकून तिकडे धावायचं. माझी लेक प्रणाली लहानपणापासून माझ्यासोबत यायची. होळीनंतर ती नागपूरला दवाखान्यात नर्स म्हणून लागली.

काल तिने फोन उचलला नाही. मी लावतच राहिले. मग तिच्या रूमवरच्या मुलीला लावला, मग होस्टेलच्या बाईंना. शेवटी प्रणालीचाच फोन आला.

"आई, मी ड्युटीवर होती. इथी का जंगल आहे? काऊन असं करून राह्यली?"

मी म्हटलं, "बरं. नाई करत."

आज पहाटे मोठ्या जाऊबाईंसोबत मोह वेचायला गेले. वेचता वेचता सवयीने हाक मारली, "प्रणाली वंऽ!"

सगळं चूप. मी टोपली खाली टाकलीसुद्धा. मग आठवलं.

तेवढ्यात पलीकडच्या झाडाखालून जाऊबाईंनी ओ दिली. मला रडू आलं नाही. सांडलेली फुलं भरली आणि पुन्हा वेचायला लागले.

थोड्या वेळाने परत हाक मारली. प्रणालीच्याच नावाने, यावेळी जाणूनबुजून. जाऊबाईंनी त्यालाही ओ दिली.

फुलं अंगणात वाळत घातली आहेत. लेकीला आज फोन केलेला नाही.

तुमच्याकडे आता कोण ओ देतं?