डिस्क येईपर्यंत

कॅसेट परत आली की तो आधी तिचा वास घ्यायचा. पुढची झडप उचलून नाकाशी धरायचा, डोळे मिटायचा आणि म्हणायचा, "जीव शे अजून हिच्यात." कधी काहीच बोलायचा नाही, कॅसेट नुसती माझ्याकडे सरकवायचा. मग मी ओळखायचे, आत बुरशी धरली आहे.

धुळ्याला आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्याची व्हिडिओ लायब्ररी होती. मी तिथं कामाला होते. शिक्षण चौथीपर्यंत, दुसरं काम कोण देणार? गिऱ्हाइकांनी तशाच आणून टाकलेल्या कॅसेटी मागे फिरवायच्या, बिघडलेल्यांचे पाच स्क्रू काढायचे, आतली फीत मलमलच्या फडक्यातून ओढून पुसायची आणि पुन्हा गुंडाळायची, हे माझं काम. तो माझ्याहून सहा वर्षांनी लहान. मी त्याला अरे-तुरे करायचे, तो मला अक्का म्हणायचा. "अक्कानी जीभ तिखट शे, पण हात मऊ शे," असं गिऱ्हाइकांना सांगायचा.

माणूस तसा गोड नव्हता. एकदा शाळेतले एक गुरुजी कॅसेट परत करायला आले. यानं वास घेतला आणि विचारलं, "गुरुजी, काल घरी भरीत होतं का?"

गुरुजी खूश झाले. "हो. तुला कसं कळलं?"

"माले नही, कॅसेटले कळनं."

पुढे सहा महिने गुरुजींना कॅसेट मिळाली नाही. जेवताना कॅसेटला हात लावणारा माणूस त्याच्या लेखी माणूसच नव्हता. तुमच्याही गल्लीत असा एखादा असेल. लोक त्याला तोंडावर भाऊ म्हणतात आणि पाठ वळली की नकला करतात.

लोक म्हणत, बायको गेल्यापासून तो असा झाला. खोटं आहे. तो आधीपासून असाच होता, मी दोन्ही पाहिलंय. पण बायकोची एक कॅसेट होती, ते खरं.

तिचं माहेर नरडाण्याजवळच्या खेड्यात. पहिल्या बाळंतपणाला ती तिथं गेली होती. त्या दिवसांत मुंबईहून माणसं आली, टीव्हीच्या मालिकेचं शूटिंग करायला. एका तलाठ्याच्या घराण्याची गोष्ट होती. त्यात बाजाराचा देखावा होता, म्हणून गावातल्या सगळ्यांना दिवसभर उन्हात उभं केलं आणि संध्याकाळी एकेक बिस्किटपुडा हातात दिला. पुढे रेटारेटी होती, म्हणून ही चार महिन्यांची पोर कडेवर घेऊन मागच्या ओट्यावर चढून उभी राहिली. वर्ष-दीड वर्षानं मालिका टीव्हीवर लागली. त्याच्या आत ती काविळीनं गेली.

तिचा फोटो नव्हता. लग्नातला एक आहे, त्यात पदर नाकापर्यंत आणि मान खाली. नुसती साडी दिसते. तिचं तोंड दिसेल अशी जागा जगात एकच होती. त्या मालिकेचा एक भाग, त्यातले सात-आठ सेकंद.

तो भाग लागला त्या मंगळवारी त्यानं दुकान बंद ठेवलं आणि भाग कॅसेटवर उतरवून घ्यायला मशीनपुढे बसला. जाहिरात आली की बटण दाबायचं, संपली की सोडायचं. एकदा बटण सोडायला उशीर झाला तेव्हा मी म्हटलं, सरक, मी दाबते. सरकला नाही. झालं तेव्हा त्याच्या पाठीला सदरा चिकटला होता.

पोरगी लहान असताना त्यानं तिला ती कॅसेट दोनदा दाखवली. तिच्या लक्षात राहिली ती ओट्याखालची शेळी. मग त्यानं दाखवणं बंद केलं. लावली की दर वेळी फीत थोडी घासते, म्हणाला. जळगावला कॅसेटवरून सीडी करून देणारा एक जण होता, त्याच्याकडेही दिली नाही. दुसऱ्याच्या हातात गेलेली कॅसेट मेली, असं त्याचं म्हणणं. मी त्याला मूर्ख म्हटलं होतं. नंतर मी त्याहून मोठा मूर्खपणा केला.

लायब्ररी बंद पडली होती. दुकानात तो रिमोट आणि चार्जर विकायचा. पावसाळ्यात भिंतींना ओल यायची आणि कॅसेटची त्याला काळजी लागायची. मीच म्हटलं, गव्हाच्या कोठीत ठेव, तिथं ओल जात नाही. त्यानं फडक्यात गुंडाळून कोठीत खोल खुपसली. त्याच्या घरात बाईमाणूस नाही, म्हणून वर्षाचे गहू मीच निवडून, एरंडेल चोळून भरून द्यायचे. किडा लागू नये म्हणून आम्ही सगळे चोळतो. एरंडेल माझ्या हातानं चोळलेलं. ते फडक्यातून कॅसेटला लागेल, हे डोक्यात आलं नाही.

दोन वर्षांनी त्यानं ती काढली. फडकं पिवळं पडलं होतं. त्यानं वास घेतला आणि कॅसेट माझ्याकडे सरकवली.

मी स्क्रू काढले. तेल फितीच्या कडेपर्यंत पोचलं होतं. वेढे एकमेकांना धरून बसले होते. "पुसता येईल," मी म्हटलं, "पण मशीनमध्ये एकदाच चालेल. फार तर."

"मग राहू दे," तो म्हणाला. "ते एकदा राखी ठेवू."

पुढची गोष्ट अलीकडची. पोरगी दीपनगरच्या वसाहतीत असते, जावई तिथं वीज केंद्रात आहे. एका रविवारी दोघं आली आणि जावयानं मोबाईल पुढे केला. एक कंपनी जुन्या मालिका धुऊनपुसून नव्यासारख्या करून मोबाईलवर दाखवत होती, त्यांत आपली तलाठ्याची मालिकाही होती. आम्ही चौघं मोबाईलवर वाकलो. चित्र असं की बाजारातल्या मिरच्या मोजाव्यात. तो म्हणाला, "थांबा, आता येई. डावीकडे देखा."

ओटा आला. शेळी आली. ओट्यावर पाय, लुगड्याचे काठ, कडेवरची पोर, तिच्या कपाळावरची तीट. वर खांदा. खांद्याच्या वर काही नाही. चित्र तिथंच संपत होतं.

जावयानं समजावून सांगितलं. जुनं चित्र चौकोनी होतं, आताचे टीव्ही आडवे. पडदा भरावा म्हणून वरची आणि खालची पट्टी कापतात. ती ओट्यावर सगळ्यांत उंच उभी, म्हणून नेमकं तिचं डोकं गेलं.

पोरगी म्हणाली, "मी दिसते, बाबा. आई नाही."

त्यानं मोबाईल परत दिला आणि विचारलं, "ह्याची डिस्क निघेल का? मोठ्या चित्राची, चौकोनी, न कापलेली?"

त्या दिवसापासून हा एकच प्रश्न. डिस्कवर मूळ चित्र अख्खं देतात, असं त्याला कुणीतरी सांगितलं होतं. त्यानं कंपनीला पत्र लिहिलं, मग दुसरं, मग पोरीकडून मोबाईलवर लिहून घेतलं. जळगावहून डिस्क लावायचं जुनं मशीन आणून ठेवलं, त्यावर रुमाल टाकला. गल्लीतली माणसं चेष्टा करत. "भाऊ, आता डिस्क कोण घेतं? बठ्ठं मोबाईलवर शे."

"मोबाईलवरचं त्यांचं असतं," तो म्हणायचा. "आज दाखवतील, उद्या काढतील. डिस्क आपल्या फळीवर राहते."

यात तो मूर्ख नव्हता. तीन महिन्यांनी ती मालिका मोबाईलवरूनही गेली. का गेली, कुणी सांगितलं नाही.

आणि त्याची नजर जात होती. काचबिंदू. डावा डोळा आधीच कामातून गेला होता. उजव्याची नजर कडेनं आत आत येत चालली होती. दुकानात गिऱ्हाईक बाजूला उभं राहिलं तर त्याला कळायचं नाही. डॉक्टरांनी थेंब दिले आणि सांगितलं, गेलेली परत येणार नाही, आहे ती किती टिकेल सांगता येत नाही. म्हणजे आता दोन गोष्टींची शर्यत होती. आधी डिस्क येते, का आधी डोळा जातो.

कंपनीचं उत्तर आलं, दोन ओळींचं. पोरीनं फोनवर वाचून दाखवलं. सध्या डिस्क काढण्याचा विचार नाही.

"सध्या म्हटलंय," तो मला म्हणाला.

"तुझ्या डोळ्याला ते 'सध्या' वाचून दाखव," मी म्हटलं. तो दोन दिवस माझ्याकडे फिरकला नाही. तिसऱ्या दिवशी कॅसेट घेऊन आला आणि माझ्यापुढे ठेवली.

"पूस," म्हणाला.

मला तीन दिवस लागले. दुपारच्या उजेडात बसायचे, एका वेळी वीतभर फीत सोडवायचे, पुसायचे, वाळू द्यायचे. माझं वय सत्तरीच्या पुढचं, हात पूर्वीसारखा राहिलेला नाही. दोन ठिकाणी चुणी पडली. एका ठिकाणी फीत सुटताना चर्र आवाज आला आणि मी तासभर काम ठेवून बाहेर ओसरीवर बसून राहिले. तो भाग कुठला हे मला माहीत नव्हतं. तिचा असता तर मी त्याला काय सांगणार होते?

चौथ्या दिवशी पोरगी आली. जुना फुगीर काचेचा टीव्ही त्यानं फळीवरून खाली उतरवला होता. मशीनचं झाकण काढून ठेवलं होतं, फीत अडकली तर बोटानं सोडवता यावी म्हणून. पोरगी टीव्हीसमोर मोबाईल धरून बसली. तिला चित्र उतरवून घ्यायचं होतं.

"बाबा, खिडकी लावा. काचेवर उजेड येतोय."

"मग माले मशीन कशी दिसी?"

खिडकी उघडीच राहिली. त्यानं कॅसेट आत ढकलली.

आधी पडद्यावर नुसत्या पांढऱ्या मुंग्या. मग तलाठ्याच्या घरातलं बोलणं, आवाज विहिरीतून आल्यासारखा. चित्र वरून वाकत होतं, सरळ होत होतं. मशीनमधून किर्रर्र येत होतं आणि तो कान लावून वाकला होता, एक बोट बटणावर, एक फितीजवळ. एकदा आवाज चढला. त्यानं बोटानं काहीतरी हलकेच दाबलं, आवाज उतरला. बाजार आला. माणसं, टोपल्या. ओटा.

ती दिसली. अख्खी. कडेवर पोर, पदर डोक्यावरून घसरलेला, उन्हानं डोळे बारीक केलेले. कॅमेऱ्याकडे पाहू नका असं सगळ्यांना बजावलं होतं म्हणे. ती सरळ आमच्याकडे पाहत होती. मला तिचं नाक विसरायला झालं होतं. नाक पोरीचंच.

मग मशीन ओरडलं. त्यानं वायर उपटली. पडदा काळा झाला. आतून त्यानं फीत बाहेर ओढली, तर ती भाजीच्या देठांसारखी चुरगळलेली, दोन ठिकाणी तुटलेली.

तो तसाच वाकून बसला. "दिसनी का?"

मी म्हटलं, "दिसली."

"बठ्ठी?"

"बठ्ठी. डोक्यासकट."

मग माझ्या लक्षात आलं. "तू नही देखं?"

"मशीनले कोन देखी मग?" तो म्हणाला. तुटलेली फीत बोटाला गुंडाळत विचारलं, "कशी व्हती?"

"तुझ्यापेक्षा बरी," मी म्हटलं.

तो हसला. पोरीनं मोबाईल त्याच्या उजव्या डोळ्याशी नेला आणि उतरवलेलं लावलं. त्यानं पुन्हा पुन्हा लावायला सांगितलं. सहाव्या वेळी म्हणाला, "काचेवर मनंच थोबाड ऊनं मधी. डिस्कवर साफ येईल." खिडकीच्या उजेडानं टीव्हीच्या काचेवर पडलेलं त्याचंच प्रतिबिंब चित्रात उतरलं होतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्याचा दुसरा डोळा गेला. तरी पोरगी आली की विचारायचा, काही कळलं का डिस्कचं. मागच्या थंडीत तो गेला. झोपेतच, फार कुणाला त्रास न देता. त्याच्या एकंदर स्वभावाकडे पाहता हे नवलच. डिस्क अजून आलेली नाही. येईल का, मला माहीत नाही. आली तर पोरगी घेईल, डिस्कचं मशीन तिनं नेलं आहे.

तेराव्याला मी दीपनगरला गेले होते. पोरीनं मोबाईलवरच्या त्या चित्राचा मोठा फोटो करायचं ठरवलं होतं. वसाहतीतला फोटोवाला म्हणाला, काचेवरची ही सावली पुसून देतो, एकदम स्वच्छ करतो, नुसती बाई राहील. तिनं मला विचारलं, "अक्का, काय करू?"

मी चष्मा लावून पाहिलं. ओट्यावर ती उभी. तिच्या खांद्यापासून कडेवरच्या पोरीवरून तिरकी गेलेली त्याची सावली, टक्कल, वाकलेली पाठ, पुढे आलेलं एक बोट. लग्नाच्या फोटोत सुद्धा दोघं इतकी जवळ नाहीत.

"पुसू देऊ नको," मी म्हटलं.

आता तो फोटो तिच्या बैठकीत आहे, खिळ्यावर, चौकोनी. ती समोर पाहते आहे. तो खाली मान घालून मशीनकडे पाहतो आहे.