भिंगसर आणि उलट्या रेघांची किटली

चित्रकलेच्या सरांना मुलं ‘भिंगसर’ म्हणत, आणि ते काही उगाच नव्हे. बावीस वर्षांत त्यांनी आईने रंगवलेली आभाळं, दादाने काढलेले घोडे आणि एकदा तर चक्क आजोबांनी गिरवलेलं जहाज भिंग लावून पकडलं होतं. मुलांवर त्यांचा जीव होता. विश्वास मात्र तीळभरही नव्हता.

वर्षअखेरीला ते प्रत्येकाकडून सुरुवातीचं आणि आत्ताचं चित्र एका पुठ्ठ्यावर लावून घेत. खाली तीन प्रश्न : आधी काय जमत नव्हतं, आता काय जमतं, कुणी शिकवलं? निवडक पुठ्ठे व्हरांड्यातल्या भिंतीवर लागत. त्या भिंतीसाठी मुलं जीव टाकत.

तिसऱ्या बाकावरच्या अबोल मुलीचा पुठ्ठा हाती आला आणि सरांच्या कपाळाला आठी पडली. पहिल्या चित्रातली किटली बदकासारखी दिसत होती. दुसऱ्यातली अशी गोल आणि जड, की दांडीला धरून उचलावी. ‘आधी नुसती कड काढायचे, आता सावली कुठून सुरू होते ते बघते,’ असं तिने लिहिलं होतं. तिसऱ्या प्रश्नापुढे एकच शब्द : बघून.

“बघून! कुणाचं?” सर पुटपुटले. भिंग निघालं. छायेच्या रेघा वर डावीकडून खाली उजवीकडे उतरत होत्या. उजव्या हाताची रेघ सहसा अशी उतरत नाही. सर स्वतः डावरे, त्यांना हे कुणी सांगायला नको. मुलगी तर उजव्या हाताने लिहिते. म्हणजे घरात कुणीतरी डावरं बसलंय! त्यांनी मागच्या बाजूला लाल पेन्सिलीने ठसठशीत लिहिलं, ‘घरच्यांनी काढलेले’, आणि आईला बोलावणं धाडलं.

आई शिवणाच्या कारखान्यातून तशीच आली, बाहीला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. सरांनी मुद्दाम वहीत सही मागितली आणि डोळ्यांत तेल घालून पाहिलं. सही उजव्या हाताने झाली.

“घरी आणखी कोण असतं?”

“आम्ही दोघीच. आणि सर, मला साधी बाटलीसुद्धा काढता येत नाही हो.”

सरांचं समाधान होईना. त्यांनी वर्गातली किटली टेबलावर ठेवली आणि मुलीला म्हणाले, “काढ. माझ्यासमोर.”

मुलीने कड काढली. मग कागद आडवा फिरवला, उजव्या हाताने भराभर रेघा ओढल्या आणि कागद पुन्हा सरळ केला. रेघा तशाच, उलट्या.

“कागद का फिरवलास?”

“सरळ धरला की माझ्या रेघा दुसरीकडे जातात.” तिने फळ्यावरच्या सरांच्या चित्राकडे बोट दाखवलं. “तुमच्या अशा जातात ना, सर? मला वाटलं, अशाच बरोबर.”

सरांनी भिंग खाली ठेवलं. बावीस वर्षं ते मुलांच्या हातांवर पाळत ठेवून होते. आपल्या हाताकडेही कुणी इतकं टक लावून बघत असेल, हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्यांना मनापासून लाज वाटली.

“माझं चुकलं,” ते दोघींना म्हणाले. “आणि तू आता तुझ्या हाताला सोप्या पडतील तशाच रेघा ओढ. किटलीचं काही बिघडत नाही.”

“मग हे भिंतीवर लागेल?”

सरांनी घाईघाईने पुठ्ठा उलटा केला आणि रबर घासायला लागले. लाल पेन्सिल कुठली जातेय! अक्षरं नुसतीच पसरली. मुलीने वाकून ती वाचली.

“राहू द्या, सर,” ती म्हणाली. “ती बाजू भिंतीकडेच जाईल.”