नमुन्याच्या बिलावरचा नंबर

जयानं पुण्याची नोकरी सोडली ती आईसाठी. हंसाबाईचे गुडघे गेले होते आणि महागावजवळच्या तांड्यावरच्या त्यांच्या घरात मायलेकींशिवाय तिसरं माणूस नव्हतं. नशिबानं काम मिळालं तेही घरबसल्या. नागपूरच्या एका कंपनीनं कृषी केंद्रवाल्यांसाठी बिलाचं सॉफ्टवेअर काढलं होतं. ते कसं वापरायचं हे समजावणारी वेबसाइट जयानं बनवायची आणि सांभाळायची. भपका काही नाही. मजकूर साध्या फायलींत लिहायचा, एक कमांड दिली की पानं तयार, ती चढवून द्यायची. दुकानदारांनी फोन करून कंपनीला पिडू नये, वाचून शिकावं, एवढाच हेतू.

पण इथंच माशी शिंकली. नमुन्याच्या बिलावर गिऱ्हाइकाचा मोबाईल नंबर हवा होता. जयाला तोंडपाठ असा एकच नंबर, आईचा. तिनं तोच टाकला, बिलाचा फोटो पानावर लावला आणि विसरून गेली.

थोड्याच दिवसांत हंसाबाई तूर पाखडत बसली असताना राळेगावहून एका दुकानदाराचा फोन आला. नमुन्याच्या बिलावरचा नंबर त्याला कंपनीचाच वाटला होता.

“बिलावर टॅक्स दोनदा लागून राह्यला, काहून?”

“मले काय इचारता बाप्पा? थांबा, पोरगीले देते.”

जयानं त्याला समजावलं, त्यावर नवं पान लिहिलं आणि फोटोतला नंबर झाकला. पण तोवर तो दुकानदारांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर गेला होता. पार मुकुटबनहून फोन येऊ लागले. दर अडचणीचं ती इमानेइतबारे पान लिही आणि म्हणे, “साइटवर आहे भाऊ, लिंक पाठवते.”

“लिंक राहू द्या ताई, तुम्ही तोंडानंच सांगा न.”

सांगायला माणूस असताना वाचतो कोण? सगळं पालथ्या घड्यावर पाणी. आपल्या चुकीची लाज वाटून तिनं कंपनीला मात्र काही कळवलं नाही.

मग एका दुपारी तिचे साहेब, इंद्रजीत सर, यांचा फोन आला. आवाजात कौतुक होतं.

“जया, ऑफिसात आता एकही फोन येत नाही. लोकांना सॉफ्टवेअर जमलं. या महिन्यानंतर साइट बंद करू.”

“जमलं नाही हो सर. ते सगळे फोन माझ्या आईकडे येतात.” आणि तिनं सगळं सांगून टाकलं.

सरांनी विचारलं, “म्हणजे साइट कोणी वाचतच नाही?”

इकडे आड, तिकडे विहीर. फोन येत नाहीत म्हणूनही साइट नको आणि येतात म्हणूनही नको!

“मग मला फोनच घेऊ द्या, सर.”

“त्यासाठी इथं माणसं बसलीत, जया.”

साइट बंद झाली, तसं जयाचं कामही गेलं. घरून करण्याजोगं दुसरं काम मिळेना. पुण्याची जुनी कंपनी परत घ्यायला तयार होती, पण हंसाबाई तांडा सोडायला तयार नव्हती. शेवटी एकटीनंच जायचं ठरलं. जयाला रडू आवरेना. निघताना ती आईला म्हणाली, “याडी, तुहा नंबर बदलून देऊ का? लोक तरास देतीन.”

“कायले? तुले हाच तं पाठ हाय. दुसरा ध्यानात राहीन का?”

पुण्यात उतरल्यावर पोचल्याचं सांगायला जयानं तो नंबर लावला. पेरणीचे दिवस होते, कृषी केंद्रांत गर्दी असणार. नंबर व्यस्त होता. तिनं पुन्हा लावला. व्यस्तच.