गार्डसाहेबांची चिखलगाडी

जगातली झाडून सगळी वाहनं शेवटी मालगाड्याच असतात, असं माझ्या थोरल्या साडूंचं ठाम मत आहे. माणूस मूळचा धुळ्याकडचा, पण उभी नोकरी भुसावळला मालगाडीच्या शेवटच्या डब्यात गार्ड म्हणून गेली. निवृत्तीनंतर मुलानं विजेवर चालणारी, जाड टायरांची डोंगरी सायकल पाठवली, तर यांनी आधी हातोडीनं टिचक्या मारत तिची तपासणी केली आणि मगच हार घातला. छातीत स्टेंट बसवलेला, पण डांबरी रस्ता वर्ज्य! "रस्त्यावर काय, कोणीही चालवतो," असं म्हणत ऐन पावसाळ्यात नशिराबादच्या शिवारातल्या केळीबागांच्या वाटा तुडवायच्या. परत आले की सायकल कुठली आणि साडू कुठले, हे अक्काला, म्हणजे माझ्या मेहुणीला, पाण्याची नळी मारूनच ठरवावं लागे.

भाद्रपदात एकदा जेवायला बाराला येतो म्हणून गेलेले साडू चार वाजले तरी आले नाहीत. फोन घरातच वाजत होता. अक्कानं मला पिटाळलं. गाडीवाटेनं चिखल तुडवत गेलो, तर सायकल आडवी पडलेली, चाकं काळ्या मातीनं गच्च, बॅटरी संपलेली, आणि माणसाचा पत्ता नाही. शेजारून नाला तुडुंब वाहत होता. हाका मारत तसाच पुढे पळालो. चांगला किलोमीटरभर गेल्यावर वळणावर साडू दिसले. ताठ उभे, हातात लाल रुमाल!

"भाऊ, इथं काय करताय?"

"गाडी मधमाच बंद पडनी. मांगून ट्रॅक्टर उना तं?"

गाडी मध्येच अडकली की गार्डनं मागं लांबवर जाऊन लाल झेंडी दाखवायची, हा रेल्वेचा नियम. चार-साडेचार तास ते तो पाळत होते. तेवढ्या वेळात त्या वाटेला एक म्हैससुद्धा फिरकली नव्हती. मी आधी चिडलो, मग हसत सुटलो, आणि हसता हसता त्यांना चिखलासकट मिठी मारली. जिवंत माणूस मिठीत किती जड लागतो आणि किती बरं वाटतं!

सायकल दोघांनी उचलून घरी आणली. अक्का दारातच उभी होती. आता खरडपट्टी निघणार म्हणून मी मागे सरकलो. ती एवढंच म्हणाली, "नोकरीमा दोन-दोन दिन तुम्ही घर येत नव्हतात, तरी माले कधी भेव नही वाटनं. आज वाटनं." आणि तिला रडू फुटलं.

यावरचा नियम मात्र साडूंना ठाऊक नव्हता. त्यांनी चिखलाचे हात पाठीमागे लपवले आणि ते तिच्याजवळ सरकून उभे राहिले.