चिखलाचा श्वास मोजणारी ताई

फोन ताईच्या नंबरवरून आला होता, आवाज मात्र दुसऱ्याच बाईचा. "बाय, तुजी ताय बोलत नाय. आमी जेट्टीवर हाव, बेगीन ये." ताईला आपल्या होडीतून खाडीत नेणाऱ्या, दिवाळे गावच्या हिराबाई बोलत होत्या. एप्रिलची दुपार होती. उलव्याच्या माझ्या घरून मी पोचेपर्यंत ताईला हॉस्पिटलात हलवलं होतं आणि डॉक्टरांनी दाराशीच सांगितलं, ताई गेली. उन्हाचा झटका, त्यातून हृदय बंद पडलं. माझी मोठी बहीण सुनंदा अठ्ठावन्न वर्षांची होती. याला आता सहा आठवडे झाले.

ताई हवामानबदलावर संशोधन करायची. नातेवाइकांत ती 'चिखलवाली' होती. खाडीकाठच्या कांदळवनातल्या चिखलावर ती एक पारदर्शक डबा उपडा घालायची आणि आतल्या हवेत कुठला वायू किती साठतो ते मोजायची. निरोगी कांदळवन हवेतला कार्बन ओढून चिखलात पुरून ठेवतं, पण भरतीची वाट अडली, सांडपाणी साचलं, की तोच चिखल मिथेन सोडायला लागतो आणि तो वायू पृथ्वीला भराभर तापवतो, हे तिनंच मला समजावलं. "चिखल श्वास घेतो ग," ती म्हणायची. "आपण त्याचा दमा केलाय."

तशी ती घाबरणारी नव्हती. साताऱ्याहून येऊन वडील मार्केटमध्ये माथाडी काम करायचे, कोपरखैरण्याच्या चाळीवजा खोल्यांत आम्ही वाढलो. एकदा शेजारचा सिलिंडर गळायला लागला, सगळे जिना उतरून पळाले. नववीतली ताई नाकाला ओढणी लावून आत गेली, रेग्युलेटर बंद करून, खिडक्या उघडून शांतपणे बाहेर आली. म्हणूनच तिला घाबरलेली पाहिलं तो दिवस मी विसरले नाही. तीन वर्षांपूर्वी आकडे लिहून घ्यायला मी तिच्याबरोबर खाडीत गेले होते. यंत्रावरचा मिथेनचा आकडा पाहून तिनं डबा उचलला, पुन्हा ठेवला, तिसऱ्यांदा ठेवला. म्हणाली, यंत्र बिघडलंय. पुढच्या आठवड्यात दुसरं यंत्र आणलं. त्यानंही तेच सांगितलं. परतताना तिनं चहा घेतला आणि न पिताच कप खाली ठेवला. "तापलेल्या पाण्यात चिखल जास्त वायू सोडतो, हे आम्हाला माहीत होतं," ती म्हणाली, "पण हा आकडा मी माझ्या म्हातारपणासाठी ठेवला होता, इतक्यात नाही..."

त्यानंतर आम्ही उलव्यात तळमजल्यावर फ्लॅट घेतला. वास्तुशांतीला ताई आली, मागच्या बाल्कनीत जाऊन खाडीच्या दिशेला बघत राहिली. पुरणपोळीचं कौतुक केलं. निघताना चपला घालता घालता हळूच म्हणाली, "मंगल, वरचा मजला मिळत नव्हता का?" माझा तोल गेला. आयुष्यभराची पुंजी घातलेलं घर, आणि ही असं बोलते. "तुझं टेन्शन आमच्या घरात आणू नकोस, ताई." तिनं दुसरी चप्पल पायात सरकवली. "तुला घाबरवायला नाही ग बोलले. मलाच भीती वाटते, ती ठेवू कुठे?" त्यानंतर चार महिने आम्ही बोललो नाही.

मग एका मोठ्या भरतीला आमच्या पार्किंगमध्ये पाणी शिरलं. पावसाचं नव्हतं ते. खारट, काळपट, खाडीच्या वासाचं. पायरीपर्यंत येऊन थांबलं. मी ताईला फोन केला, तासाभरात ती आली आणि माझ्याजवळ पलंगावर बसली. 'मी सांगितलं होतं' असं एका शब्दानंही म्हणाली नाही. मीच विचारलं, एवढी भीती घेऊन तू रोज तिथं जातेस कशी? "न मोजता घरी बसले तर जास्त वाटते," ती म्हणाली. मग तिनं मोबाइलवर एक आलेख दाखवला. कांदळवनाच्या एका तुकड्यात तिच्या मागणीवरून, बांधाखालून पाणी आत-बाहेर जायची बुजलेली मोरी मोकळी केली होती, सांडपाणी वळवलं होतं. भरती आत खेळू लागली आणि दोन वर्षांत तिथला मिथेन उतरत गेला होता. ती खाली जाणारी रेघ तिनं मला तीनदा दाखवली. आता शेजारच्या तुकड्याची मोरी उघडायची होती, त्यासाठी ती उघडण्याआधीची मोजणी हवी होती.

एप्रिलच्या त्या दिवशी त्याच मोजणीला ती गेली होती. ओहोटी भर दुपारची होती, म्हणून आपल्या विद्यार्थिनींना तिनं येऊ दिलं नाही. हिराबाई रडत सांगत होत्या, "मी बोल्ली, ताय, आज नको, ऊन लय हाय. ती बोल्ली, पानी उतरलंय तवर जाऊन येऊ." मोजणी पुरी झाली होती. विद्यार्थिनींनी तिचे आकडे जोडून मोरी उघडण्याचा अर्ज पाठवलाय. मोरी अजून उघडलेली नाही.

ताईच्या खोलीत एक जुना फ्रिज आहे. त्यात जमिनीखाली कमी-जास्त खोलवरून काढलेल्या चिखलानं भरलेल्या नळ्या आहेत, प्रत्येकीवर तिच्या अक्षरात चिठ्ठी. भावोजी, ताईचे यजमान, तो फ्रिज बंद करू देत नाहीत. गेल्या रविवारी उन्हानं सगळीकडचे एसी चालू होते, त्यात लाइट गेली, आणि त्यांचा फोन आला, "मंगल, गार राहील ना ग ते?" मी गेले. दार उघडायचं नाही, एवढंच आम्हाला कळत होतं. भावोजी एका बाजूला, मी दुसऱ्या बाजूला, दारावर हात ठेवून बसलो. हातांखालचा पत्रा हळूहळू कोमट होत होता. तासाभरानं लाइट आली, फ्रिज घुरघुरला... तरी आम्ही दोघांनी हात काढले नाहीत.