आवाज गेला त्या सकाळी

माझे डोळे एकदम गेले नाहीत. कॉलेजात असताना आधी रात्रीचं दिसेनासं झालं, मग बाजूचं, आणि पुढं समोरचं जग आकसत आकसत एका नळीएवढं उरलं. काही वर्षांपूर्वी तीही बुजली. आता ऊन असलं तर खिडकी कोणत्या बाजूला आहे एवढं कळतं. रायपूरच्या चौबे कॉलोनीत दुसऱ्या मजल्यावर आम्ही तिघं राहतो: मी, बायको आणि आई. वडील रेल्वेच्या नोकरीमुळं विदर्भातून इकडं आले आणि इथंच गेले. बायको इथलीच, हिंदी बोलणारी; ती जवळच्या अभनपूरला सरकारी कार्यालयात आहे. सकाळी निघते ती दिवेलागणीला परतते. मी घरी बसून प्रोग्रामिंगचं काम करतो.

न दिसणारा माणूस हे काम कसं करतो, तर कानानं. स्क्रीनवर जे लिहिलेलं असतं ते वाचून दाखवणारा एक आवाज कॉम्प्युटरमध्ये असतो. मी की दाबली की तो अक्षर सांगतो, खाली सरकलो की ओळ वाचतो. सवयीनं मी तो इतका वेगात लावतो की दुसऱ्याला ती नुसती घरघर वाटावी. हेडफोन कानात आणि बोटं कीबोर्डवर, बस. स्क्रीनचा उजेड तर मी पार शून्यावर ठेवतो, कारण तो कोणासाठी जाळायचा?

आईला यातलं काही माहीत नव्हतं. तिला वाटायचं मी गाणी ऐकत टाइप करतो. आणि कोणी माझ्या डोळ्यांचं विचारलं की ती सांगायची, "थोडं थोडं दिसते त्याले." मी पाण्याचा ग्लास अचूक उचलला की तिला तेवढ्यावर पटायचं. ब्राह्मणपारा या मोहल्ल्यातल्या एका देवळात तिनं नवसही बोलला होता. मी तिला कधी खोडलं नाही. खोडून करायचं काय?

त्या दिवसांत मी एका इस्पितळासाठी नंबर पुकारण्याचा प्रोग्राम करत होतो. पेशंटचा नंबर आला की स्पीकरमधून हिंदीत आणि छत्तीसगढीत पुकारा व्हायचा. आमची कंपनी लहान, सगळे आपापल्या घरून काम करणारे. नव्या वर्षापासून दोघांना कमी केलं होतं आणि तिसरा कोण याची कुजबुज होती. कंपनी चालवणाऱ्या मॅडमनी मला स्पष्टच सांगितलं होतं, "भैया, ये आपके लिए भी ज़रूरी है." सोमवारी अकरा वाजता इस्पितळाची माणसं व्हिडिओ कॉलवर प्रोग्राम बघणार होती.

प्रोग्रामला आवाज काढता यावा म्हणून आयती मिळणारी एक साउंड लायब्ररी, म्हणजे दुसऱ्यांनी लिहून ठेवलेला कोड, मी वापरली होती. तिच्या सेटिंगची एक छोटी फाइल असते. आवाज कोणत्या उपकरणातून काढायचा, किती चॅनल, किती वेग, आवाजाचा साठा म्हणजे बफर केवढा, आणि शेवटी एक्सक्लुजिव्ह मोड. त्याच्यापुढं एक लिहिला की प्रोग्राम ते उपकरण एकट्यासाठी धरून ठेवतो, दुसऱ्या कोणाला त्यातून आवाज काढू देत नाही. शून्य लिहिलं की सगळे वाटून घेतात. पुकाऱ्यात मधूनमधून खरखर येत होती, म्हणून त्या सोमवारी सकाळी मी तिथं एक लिहिला. उपकरण म्हणून जे निवडलं तो माझाच हेडफोन होता. तपासून पाहायला तोच तर होता जवळ.

खरखर गेली. आणि त्याबरोबर माझा आवाजही गेला.

मी की दाबली. काही नाही. दुसरी दाबली. कानात अशी शांतता, की हेडफोन काढल्यावर पंख्याचा आवाजच मोठा वाटला. कळलं काय झालं ते, आणि कळूनही उपयोग नव्हता. मी कॉम्प्युटर बंद करून परत चालू केला. पण इस्पितळात वीज गेली-आली तरी पुकारा आपोआप सुरू व्हावा म्हणून मीच तशी सोय केली होती. प्रोग्राम सगळ्यात आधी उठून बसला आणि त्यानं हेडफोन पुन्हा धरला. मग न ऐकताच आज्ञा टाइप करून त्याला मारलं, म्हणजे बंद पाडलं असावं, नक्की सांगता येत नाही. कारण तो मेला तर लगेच पुन्हा उठवणारा एक पहारेकरी प्रोग्रामही मीच लिहिला होता. किती आनंदानं लिहिला होता तो.

हेडफोनची वायर काढून पाहिली, पुन्हा लावली. लॅपटॉपचा स्वतःचा स्पीकर तर पावसाळ्यापासून मेलेलाच होता. मोबाइलचा कॅमेरा अक्षरं वाचून दाखवतो, तो स्क्रीनसमोर धरला. मोबाइल म्हणाला, मजकूर सापडला नाही. पुन्हा धरला, पुन्हा तेच. बायकोला फोन लावला, तिनं उचलला नाही. सोमवारी तिची साहेबांसमोर बैठक असते. एका सहकाऱ्याला लावला, तो दुसऱ्या कॉलवर. कॉम्प्युटर समोर होता, चालू होता, त्याच्या पंख्याची गरम हवा मनगटाला लागत होती, आणि तो माझ्यासाठी दगड झाला होता. डोळे गेले तेव्हा मी इतका घाबरलो नव्हतो. ते हळूहळू गेले होते, आणि हे एका आकड्यानं झालं.

मी टेबलावर डोकं ठेवलं. रडू आलं ते आवाज न होता यावं एवढी काळजी घेत होतो, पण खुर्ची हलत असावी.

"काय झालं रे?" आई दारात होती. "काहून रडून राहिला तू?"

"काही नाही."

"काही नाही कसं? सांग न मले."

"कॉम्प्युटर बोलून नाही राहिला आई."

"बोलत नाही तर नाही बोलत. पाहून कर न मग."

तिनं हे इतक्या सरळपणे म्हटलं की माझा तोल गेला. मी म्हणालो, "मले दिसत नाही आई. काहीच दिसत नाही. तू पण दिसत नाही मले. त्या कानातल्या आवाजावरच मी सगळं काम करतो, आणि तो गेला."

मग तिच्या चपला घासत दाराबाहेर गेल्या. समोरच्या घराची कडी वाजली, मग खालच्या मजल्यावरची. थोड्या वेळानं ती धापा टाकत परतली.

"समोरच्या भैयाच्या दाराले कुलूप आहे. खालचे लग्नाले गेले बिलासपूरले." तिनं स्टूल ओढलं आणि माझ्या शेजारी बसली. "मी पायतो. सांग काय पाहू."

आई चौथीपर्यंत शिकलेली, तीही मराठी शाळेत. इंग्रजी अक्षर तिला एकही येत नाही. मी तरीही विचारलं, "काय दिसून राहिलं?"

"काळं आहे सगळं."

"सगळंच?"

"हव. अंधारच आहे बाबू."

मला वाटलं आता यंत्रच गेलं. मग आठवलं की स्क्रीनचा उजेड शून्यावर आहे. मोबाइलला मजकूर सापडत नव्हता तो त्यामुळंच. मी उजेड वाढवायची की दाबत राहिलो.

"हं," आई म्हणाली. "आता निळं निळं दिसून राहिलं. लहान लहान चित्रं आहेत."

तेवढ्यात फोन वाजला. मॅडम होत्या. "भैया, सब लोग आ गए हैं. आप जुड़ क्यों नहीं रहे?"

"मॅडम, मेरा कंप्यूटर बोल नहीं रहा."

"माइक देख लीजिए ना."

"माइक नहीं. जो पढ़कर सुनाता है, वो बंद हो गया."

त्यांच्या मागं माणसं आपसात बोलत होती. मग हळू आवाजात म्हणाल्या, "थोड़ी देर रोकती हूँ. जल्दी कीजिए, प्लीज़."

मोबाइल आईच्या हातात देऊन तिला तो स्क्रीनसमोर धरायला लावणं मला जमेना. तिला तो एका जागी धरता येत नव्हता आणि खिडकीचं ऊन काचेवर पडत असावं. मोबाइल अर्धेमुर्धे शब्द बरळत होता. मी तो बाजूला ठेवला. मी एकच ठरवलं: प्रोग्रामला मारायचं नाही, त्याची सेटिंगची फाइल उघडायची आणि तो एक पुसायचा. फाइलचा पत्ता मला पाठ होता. मी तो न ऐकता टाइप केला आणि एंटर दाबलं.

"काही झालं?"

"एक डब्बा आला. लाल फुली आहे त्याच्यात."

म्हणजे चुकलं. कुठं चुकलं ते सांगणारं कोणी नव्हतं. पुन्हा टाइप केलं, या वेळी एकेका अक्षराला थांबत. पुन्हा लाल फुली. तिसऱ्यांदा बोटं कीबोर्डवर ठेवताना मी तिला म्हणालो, "राहू दे आई. नोकरी गेली समज."

"गेली तर गेली," ती म्हणाली. "पण तू पुन्हा लिही."

मी लिहिलं.

"पांढरा कागद उघडला," आई म्हणाली. "इंग्रजी लिहून आहे. जास्त नाही, पाच ओळी."

"आकडे आहेत त्याच्यात? आकडे वाचता येतात न तुले?"

"आकडे येतात. मोबाइलवर नंबर लावतो न मी."

"वरून सांग. ओळीच्या शेवटी काय आहे?"

तिनं बोट स्क्रीनवर टेकवल्याचा बारीक आवाज आला. "पहिल्या ओळीत दोन. तिच्या खाली पण दोन. मग मोठा आहे. चार, चार, एक, शून्य, शून्य."

चव्वेचाळीस हजार शंभर. आवाजाचा वेग. फाइल तीच होती, आणि मी कुठं उभा आहे हे कळलं होतं. "पुढं?"

"पाच, एक, दोन."

"आणि शेवटी?"

"एक."

मी कर्सर शेवटच्या ओळीच्या टोकाला नेला आणि मागचं अक्षर पुसलं. "गेला एक?"

"गेला."

शून्य लिहिलं. "आता?"

"शून्य आहे. थांब, बरोबर पाहू दे. हव, शून्यच."

फाइल बंद करताना आणखी एक डब्बा आला, त्यात बटणं आहेत असं आई म्हणाली. ते सेव्ह करू का विचारणारं असणार. मी एंटर दाबलं. कॉम्प्युटर बंद करून चालू केला. सुरू व्हायला त्याला नेहमीइतकाच वेळ लागला असेल. आईचा हात माझ्या मनगटावर होता. तो तिनं कधी ठेवला ते आठवत नाही.

मग कानात तो घरघरता आवाज आला, आणि मला पुढचं काही सुचेना. तो भराभर वाचत होता, वेळ, बॅटरी, नको असलेलं सगळं, आणि मी नुसता ऐकत बसलो.

कॉलवर आलो तेव्हा तिथं मॅडम एकट्याच होत्या. इस्पितळाची माणसं निघून गेली होती. "उनको ओपीडी में जाना था," त्या म्हणाल्या. रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. पुढं त्यांनीच कधीतरी इस्पितळाला प्रोग्राम दाखवला, माझ्याशिवाय. तो त्यांनी घेतला. मलाही ठेवलं, पण त्यानंतर माणसांसमोर दाखवायची कामं माझ्याकडं येत नाहीत, आणि मीही मागत नाही. आता सेटिंग बदलण्याआधी मी दुसरा हेडफोन जोडून ठेवतो. तरी रोज बटण दाबल्यापासून आवाज येईपर्यंत मी कीबोर्डला हात लावत नाही.

त्या संध्याकाळी बायको आल्यावर स्वयंपाकघरात दोघींचं बोलणं चाललं होतं. भाजी फोडणीला पडल्याचा आवाज झाला, आणि तो ओसरल्यावर आई म्हणाली, "त्याले काहीच दिसत नाही, बाई." बायको म्हणाली, "मालूम है आई."

काही दिवसांनी दुपारी आई माझ्या खोलीत येऊन बसली. "मले ते इंग्रजी अक्षरं सांग," म्हणाली. "पुन्हा तसं झालं तर."

मला अक्षरं दाखवता येत नव्हती, म्हणून तिचा तळवा उघडून त्यावर बोटानं काढली. ए म्हणजे घराचं छप्पर, मधे आडवी काठी. बी म्हणजे उभी काठी आणि दोन पोटं. तिचा हात खरखरीत आहे, आणि गुदगुल्या झाल्या की ती तो ओढून घ्यायची. आम्ही जीपर्यंत गेलो. जी आणि सी तिला सारखेच वाटायला लागले, आणि डब्यातले गहू निवडायचे राहिलेत म्हणून ती उठली. पुढची अक्षरं अजून राहिलीच आहेत.